डॉलरताईंचं एकच माप

आमच्या शिवणकारखान्यात डॉलरताईंकडे मी चार वर्षं संशयानेच पाहिलं. मी कटिंग मास्तर. हातात कात्री येऊन बत्तीस वर्षं झाली, माझं माप डोळ्यांत असतं. बाईंचं माप कॉम्प्युटरमध्ये. पूर्वी त्या काजं-बटणांच्या टेबलावर होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाइलवर बघून एक्सेल शिकल्या आणि मालकांनी त्यांना थेट मापांच्या खोलीत बसवलं. माझ्या पोटात दुखायला तेवढं पुरे झालं.

डॉलर हे नाव त्यांनीच ओढवून घेतलं. कपडा अंगाला आवळू नये म्हणून प्रत्येक मापात थोडी ढिलाई मिळवायची असते, आणि ती शीटवर एकाच चौकटीत लिहिलेली. फॉर्म्युला खाली ओढला की ढिलाईचा पत्ताही खाली सरकतो आणि भलत्याच चौकटीत जाऊन बसतो. पत्त्यात डॉलरचं चिन्ह घातलं की तो जागचा हलत नाही. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की न समजताही मला पाठ झालं. हाताने डॉलर ठोकून ठोकून बाई कंटाळल्या आणि त्यांनी मॅक्रो केला. एक बटण दाबायचं; पहिल्या ओळीला डॉलर लागणार आणि तोच फॉर्म्युला आपला आपण शेवटपर्यंत उतरणार. त्या दिवशी बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

पहिलंच काम आलं नर्सांच्या गणवेशांचं. मॅक्रोने ढिलाईबरोबर मापाच्या पत्त्यालाही डॉलर ठोकला. यादीत पहिली होती ती अगदी काडी पैलवान. झालं! खालच्या साठही जणींना तिचीच छाती, तिचीच कंबर.

चिठ्ठ्या छापून माझ्याकडे आल्या. तिसरी मुख्य नर्सबाईंची. त्या माप द्यायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. चांगल्या भरभक्कम बाई. चिठ्ठीवर छाती चौतीस. मला कळलं, तरी मी कात्री चालवली. होऊ दे एकदा शोभा, म्हटलं. अकरा गणवेश कापून झाल्यावर मशीनवरच्या बाईने विचारलं, हे सगळे एकीचेच आहेत का?

मालक आले. ढिलं कापलेलं आवळता येतं, तोकडं कापलेलं वाढवता येत नाही. डॉलरताईंनी एकही सबब सांगितली नाही, चूक माझी म्हणाल्या. मालकांनी हुकूम सोडला, उद्यापासून पुन्हा काजं-बटणं. बाईंनी मान हलवली आणि टेबलावरची टेप गुंडाळायला लागल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, तुमची मेहनत फुकट गेली हो."

खोटं कशाला बोलू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"मालक," मी म्हटलं, "तिसऱ्या चिठ्ठीलाच मला कळलं होतं. पुढचे नऊ मी जाणूनबुजून कापले."

मालकांनी दोघांनाही यथेच्छ झाडलं आणि दोघांनाही आपापल्या जागी ठेवलं. बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

मग एकदा त्यांनी मला खोलीत बोलावलं. मॅक्रो दुरुस्त झाला होता. आता डॉलर फक्त ढिलाईला. शिवाय सलग तीन ओळींत एकच माप आलं, तर चिठ्ठ्या छापल्या जात नाहीत आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात: मास्तरांना विचारा.

मी दोनदा वाचलं. हा टोमणा आहे का, विचारलं.

"अर्धा," त्या म्हणाल्या.