उधन्याच्या मागावर मारलेलं पाणी

अमळनेरहून सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा थंडीचे दिवस होते आणि मला कोणी बोलावलेलं नव्हतं. मी अर्धा निवृत्त माणूस. गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मुकादम, म्हणून आयुष्य काढलं. आता आठवड्यातून तीन सकाळी हट्टी माग ताळ्यावर आणायला मला बोलावतात. उरलेला वेळ वाचनालयात वर्तमानपत्रं वाचण्यात आणि सरकारला मनातल्या मनात सल्ले देण्यात जातो. अशा माणसाला निमित्तच हवं असतं, आणि ते लेकीच्या पत्रात मिळालं.

कुसुमनं सहज म्हणून लिहिलं होतं. तिचा नवरा भास्कर उधन्याच्या कारखान्यात माग चालवतो. तिथला मास्तर (आपल्याकडचा जॉबर) काम सोडून गेला होता. एका मागावर ताणा (कापडाचे उभे धागे) सारखा तुटत होता; तो माग शनिवार संध्याकाळपर्यंत सुरळीत चालला तर मास्तरकी भास्करला, नाहीतर कारखान्याचे शेठ बाहेरचा माणूस आणणार होते. मी पत्राची घडी घातली, पिशवीत पाना टाकला आणि बायकोला सांगितलं की जावयाचं काम झालंच असं समज.

डब्यात बँका सरकारनं घेतल्याची चर्चा रंगली होती. दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याला ते मुळीच पसंत नव्हतं. मी पंतप्रधानांची बाजू घेतली, कारण समोरचा फार खात्रीनं बोलत होता. खात्रीनं बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो, हे मी तेव्हा स्वतःकडे न बघताच म्हणत होतो. पुढे चलथाणला उसाच्या बैलगाड्यांची रांग दिसली आणि डब्यात मळीचा गोड-आंबूस वास भरला. तोवर वादही थंडावला होता.

उधन्याच्या स्टेशनवर भास्कर आला होता. गावात जिकडे तिकडे मागांचा खडखडाट, आणि चहाच्या टपरीवर अहिराणी अशी मोकळी चाललेली की अमळनेर सोडलंय असं वाटेना. कुसुमनं पोंक (सुरतेचा कोवळ्या ज्वारीचा हुरडा) शेव घालून समोर ठेवला. आपल्याच हुरड्याला लिंबू-मिरीची शेव लावून या लोकांनी त्याचा थाट केलाय. मी दोनदा मागून घेतला. फक्त एक गोष्ट खटकली. कुसुम भास्करच्याच कारखान्यात धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरायला जात होती. जॉबरची मुलगी कारखान्यात राबते, हे मला आवडलं नाही, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तिनं नुसतं हसून ताट उचललं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं कारखान्यात गेलो. माग पाहून भास्कर म्हणाला की ताणा एकाच जागी तुटतोय, तेव्हा फणी (ताण्याचे धागे ओवलेली तारांची चौकट) काढून बघावी. मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. हिवाळ्याची कोरडी हवा, सूत कडक पडलेलं, ओल दिली की झालं. आमच्या खात्यात हे शेंबडं पोर सांगेल. भास्कर दुसऱ्या मागाकडे गेला तेवढ्यात मी बादली आणली, फरशी भिजवली आणि ताण्यावर हातानं पाणी शिंपडलं. वर तुटलेली टोकं जिभेवर ओली करून गाठी मारल्या आणि मोठ्या झोकात माग सुरू केला.

एक धागा तुटला. मग चार. मग पट्टाच्या पट्टा लोंबू लागला. भास्कर धावत आला, त्यानं माग थांबवला आणि ओला ताणा बघितला. सासऱ्याला काय बोलायचं? कांड्या टाकून कुसुम मात्र आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, या धागाले पानी चालस नही. वला व्हयना की तुटी जास." (या धाग्याला पाणी चालत नाही. ओला झाला की तुटतो.)

तो कृत्रिम रेशमाचा धागा होता. कापूस ओला झाला की बळ धरतो. हा बळ सोडतो. कांड्या भरणाऱ्या माझ्या लेकीला ते ठाऊक होतं, मला नव्हतं.

नेमके तेव्हाच शेठ आले. पाणी कोणी टाकलं, असं त्यांनी गुजरातीत विचारलं. भास्करनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाणी में नाख्युं, शेठ," तो म्हणाला. पाणी मी टाकलं.

खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. परगावी, लेकीसमोर, माझी अब्रू वाचली होती. पण त्या अब्रूच्या बदल्यात भास्करची मास्तरकी जात होती, आणि कुसुम जमिनीकडे बघत उभी होती. एवढ्या वर्षांत मी कधी चूक कबूल केली नव्हती. करायची कशी हेही माहीत नव्हतं. शेवटी माझ्या मोडक्या हिंदीत बोललो. "शेठ, पानी मैंने डाला. ये मेरा जमाई है, मुझे बचाने को झूठ बोलता है. इसको मैंने काम करने नहीं दिया."

शेठनी ओल्या ताण्याला बोट लावून पाहिलं. मग भास्करला म्हणाले की संध्याकाळ व्हायची आहे अजून, आणि निघून गेले.

त्यानंतर भास्करनं मला कामाला लावलं. ओला पट्टा कापून काढला, फणी उतरवली आणि बोट फिरवता फिरवता एका तारेवर थांबला. तार गंजून खरखरीत झाली होती. तो ती घासत होता आणि कुसुम आणि मी फरशीवर बसून टोकं जोडत होतो. सवयीनं माझं बोट जिभेकडे गेलं.

"मामा, बोट ओलं करू नका," तो म्हणाला.

मी बोट धोतराला पुसलं. मला जॉबर झाल्यापासून इतकं सरळ कोणी टोकलं नव्हतं, आणि ते ऐकताना ऊर भरून आला.

दिवेलागणीला माग चालू झाला. शेठ आले, वीतभर कापड उतरेपर्यंत उभे राहिले, आणि जाताना भास्करला मास्तर म्हणाले.

सोमवारी मी घरी परतलो. येताना डब्यात कोणाशी वाद घातला नाही. कुसुमच्या बोटांचा, भास्करच्या त्या एका खोट्याचा विचार करत बसलो. आयुष्यभर मी माझ्या हाताचा अभिमान मिरवला. आता मिरवायला याहून चांगलं काही मिळालं होतं.

दारातच बायकोनं विचारलं, जावयाचं काम झालं का. झालं म्हटलं. तिचा चेहरा फुलला.

"तुम्ही गेलात म्हणून झालं," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हणालो, "मी गेलो म्हणून अडलं होतं. बस, आपला जावई कसा आहे ते सांगतो."