तितराची हाक

आमच्या घरात कुणाचेच पाय एका जागी ठरले नाहीत. बा तर जेवतानाही उकिडवा बसायचा, कधीही उठायच्या तयारीत. सरकारनं आम्हा पारध्यांना जन्माचे गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवलं आणि रानात जन्म काढलेल्या त्या माणसाला गिरणीत लावलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी, सुटीच्या दिवशी बाहेर जायचं तर पास. संध्याकाळची हजेरी झाली की तो तारेच्या कडेकडेनं फेऱ्या मारत सुटायचा. आई म्हणायची, घाण्याच्या बैलामुळं तेल तरी निघतं, तुझ्या फिरण्यातून काय निघतं?

आत येताना त्याला पाळलेला तितर सोडून द्यावा लागला होता. त्याच्या ओरडण्यावर रानातले तितर फाशाकडं यायचे. तो गेल्यावर उरला बाचा गळा. जीभ टाळूला लावून, तोंडापुढं ओंजळ धरून तो मादीची हाक काढायचा. ही हाक त्याला त्याच्या बानं दिलेली. आमच्यात ती बापाकडून मुलाकडं जायची, आणि आमच्या घरात मुलगा नव्हता, मी होते. दिवाळी झाली की मला पोरापोरींच्या बोर्डिंगात धाडणार होते. तिथं आमची घरची बोलीसुद्धा चालत नसे, मग तितराची कोण चालू देणार? दिवाळीच्या आत हाक माझ्या गळ्यात उतरली नाही तर ती आपल्याबरोबरच जाणार, या धास्तीनं बाला झोप नव्हती.

आई बिथरली. बाईनं हाक दिली तर रान रुसतं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. बा म्हणाला, रुसायला रान राहिलंय कुठं? मग कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी धड बोलली नाहीत.

मला तरी कुठं हौस होती! त्याचं शिकवणं म्हणजे निव्वळ छळ. आधी हाक नाहीच. आधी, हाक कधी द्यायची नाही ते. मादी अंड्यांवर बसते त्या दिवसांत तोंड बंद ठेवायचं. पहिली सापडलेली मादी सोडून द्यायची, कारण रान पुन्हा भरलं पाहिजे. हे तो रोज घोकून घ्यायचा, आणि तारेच्या आत चिमण्या-कावळ्यांखेरीज पाखरू नव्हतं. मग हाक. मी जीव तोडून ओरडायची, गाल ठणकायचे, आणि माझ्याकडं पाठ करून बसलेला बा आमच्या बोलीत म्हणायचा ते मराठीत असं होईल,

“माणूस वरडतंय.”

बस, एवढंच. एकदा मी चिडून विचारलं, बरोबर आली हे मला कळायचं कसं?

“मी वळून बघीन की,” तो म्हणाला.

दिवाळी तोंडावर आली तशी त्याच्या तोंडात घास फिरायला लागला. मलाही काही सुचेना. पाणी भरताना, भाकरी खाताना जीभ आपली टाळूला. एका सकाळी माणसं हजेरीच्या रांगेत उभी होती. मी खोल्यांमागं, तारेजवळच्या बाभळीच्या झुडपाआड बसले होते. सगळ्या जगाचा राग आलेला. त्या रागातच हाक दिली. जीभ कशी लागली देव जाणे, गाल दुखले नाहीत.

रांगेतल्या साऱ्या पारध्यांच्या माना एकदम वळल्या, म्हाताऱ्यांच्या आणि तरण्यांच्याही. बा तर रांग सोडून निघाला. कमरेत वाकून, पाऊल न वाजवता तो थेट बाभळीकडं आला. कारकून त्याचं नाव पुकारत होता, ते त्याच्या कानावरही गेलं नाही. झुडपाआड त्यानं मला पाहिलं. हसला नाही. खाली बसून माझ्या गळ्यावर हात ठेवला, तेवढ्यात शिपायानं मागून त्याचा दंड धरला.

रांग का मोडलीस, असं दरडावल्यावर बा खरं तेच म्हणाला, तितर ओरडला. कारकून हसत सुटला. तारेच्या आत कुठला आलाय तितर? बाचा पास बंद झाला. संध्याकाळी आईनं माझ्यावर हात उगारला, तर तो मध्ये आला.

“मारू नगंस तिला. माझा बा हाय तिच्या गळ्यात.”

त्या संध्याकाळी त्यानं फेऱ्या मारल्या नाहीत. दिवाळीनंतर मी बोर्डिंगात गेले.

आता तार नाही आणि बा पण नाही. नातीला घेऊन मी कुंभारी गावाकडच्या माळावर जाते. फासे केव्हाच गेले, तितर धरायचे नाहीत, नुसती हाक द्यायची. पोर शाळेत हुशार, प्रश्न फार. बरोबर आली हे कळायचं कसं, असं तिनंही विचारलं. मी वळून बघीन, असं सांगितलं. तिच्याकडं पाठ करून बसते, पण बसवत नाही. उठते, दुखऱ्या गुडघ्यांनी फेऱ्या मारते, पुन्हा बसते. ती ओरडते, गाल चोळते, परत ओरडते. माणूस ओरडतंय, मी म्हणते. दिवस भराभर चाललेत, आणि माझी मान अजून वळलेली नाही.