‘छापू का?’ विचारायला अकोटला

प्रकाशकांचा फोन आला, "शालूमावशीचं प्रकरण आपण पहिलं घेऊ. पुस्तकात सगळ्यात जमलेलं तेच आहे." खरं तर मी हुरळून जायला हवं होतं. पण शालूमावशी अकोटला असते, चांगली धडधाकट आहे, आणि आपल्यावर कुणी प्रकरण लिहिलंय याचा तिला पत्ताच नाही.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझी प्रवासाची तीन पुस्तकं ठाऊक असतील. एकटी फिरणारी बाई म्हणजे मोठी धीट, असं लोकांना वाटतं. अहो, कसलं काय! कुलूप लागलं का म्हणून दोन जिने परत चढणारी, गाडीच्या तासभर आधी फलाटावर जाऊन बसणारी बाई मी. बँकेची नोकरी सोडून लिहायला लागले तेव्हा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता पहिल्यांदाच आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि आठवणी एकट्या माझ्या थोड्याच असतात!

तुमचा पहिला प्रवास कोणता, असं मुलाखतीत सगळे विचारतात. मी आजवर हिमाचल सांगत आले. खरा पहिला प्रवास अमरावती ते चांदूर बाजार, एसटीने, मी नऊ वर्षांची असताना. मावशीचं नवं नवं सासर तिथे होतं. माझे आजोबा अमरावतीला वकील. ते मला म्हणाले, "चल, तू मुराळी." सासुरवाशिणीला सणाला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी, एरवी भाऊच जातो. आमच्याकडे भाऊ नव्हता, म्हणून मी. दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं पाठवत नाहीत. चार दिवसांसाठी म्हणून त्यांनी मावशीला धाडलं. ती परत गेलीच नाही. तिथे तिला मारत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आजोबांनी रीतसर सोडचिठ्ठी घेतली, दोन वर्षांनी अकोटला तिचं दुसरं लग्न झालं, आणि पहिल्या लग्नाचं नाव घरात कुणी काढलं नाही. तिच्या मुलाला, विनूला, यातलं काही माहीत नाही. आणि माझं पुस्तक तिथूनच सुरू होणार.

फोनवर विचारायची हिंमत झाली नाही. पिशवी भरली आणि निघाले.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी बडनेऱ्याला उतरले. अमरावतीत जायला तिथून सीटवर ऑटो मिळतात. स्पेशल करायची गरज नाही, ऑटोवाला कितीही गळ घालो. स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच बरं वाटलं. खरं तर दर्यापूरमार्गे सरळ अकोटला जाता येतं. पण मी चांदूर बाजारची एसटी धरली. लिहिलंय ते तपासायचं आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच, की अकोट जितकं उशिरा येईल तितकं बरं.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडी माहेरवाशिणींनी भरलेली. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तुरीचे पट्टे, पुढे संत्र्याच्या बागा. चांदूर बाजारचं स्टँड माझ्या आठवणीतलं नव्हतंच. ज्या गल्लीत मावशीचं घर होतं तिच्या तोंडाशी गेले आणि तिथेच थांबले. कोपऱ्यावर संत्री विकणारी बाई माझ्याकडे बघत होती. कोनाकडे जाचं हाये, म्हणाली. कोणाकडे नाही, नुसती बघायला आले, असं मी सांगितलं. "पाहाले काय हाये अठी?" ती म्हणाली आणि किलोभर संत्री तोलून मोकळी झाली. मी निमूट घेतली. गोड निघाली, डिसेंबरात जाणार असाल तर जरूर घ्या.

तिथून परतवाडा, परतवाड्याहून अंजनगाव, अंजनगावहून अकोट. तीन गाड्या, पण कुठेही फार थांबावं लागत नाही. उजव्या हाताला मेळघाटाचे डोंगर सोबत असतात. अंजनगावच्या आसपास विड्याच्या पानांचे मळे दिसतात; एरवी मी उतरून फोटो काढले असते. या वेळी मी सगळा रस्ता एकच वाक्य घोळवत होते: मावशी, तुला एक वाचून दाखवायचंय. सुरुवात कशी करू? तिने नाही म्हटलं तर? नाही म्हटलं तर प्रकरण काढायचं हे ठरलेलं होतं. पण ते काढल्यावर पुस्तकात उरतं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अकोटला विनू मोटरसायकल घेऊन स्टँडवर आला होता. माझा मावसभाऊ, थोडी शेती आणि कापसाची दलाली करतो; काका गेल्यापासून घर तोच बघतो. वाटेत जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तो प्रत्येकाला हात करत होता. इतका मोकळा माणूस, की मला आणखीच अपराधी वाटलं. घरी त्याची बायको कल्पना चहा घेऊन उभी होती, आणि मावशीने तोंडावरून हात फिरवून विचारलं, "वायली कावून एवढी?" मी तिला वाळलेली दिसले. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनू जिनिंगवर गेला, कल्पना बाजारात. मावशी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती, दुपारच्या सोलेभातासाठी. मी समोर बसले आणि कागद काढले. हजार माणसांपुढे वाचलेलं आहे मी, पण त्या दोन कानांपुढे पहिली ओळ मी दोनदा वाचली. तिचा हात एकदाही थांबला नाही. संपल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"एसटीत मी तुह्या खांद्यावर झोपली होती, असं लिवलं तू?"

मी म्हटलं, हो, मला तसंच आठवतं.

"झोपली नव्हती. डोये मिटून होती. बाबानं सांगतलं होतं, पोरीसमोर रडू नको, ते भिईन."

 छापू का, हा प्रश्न मी कसाबसा विचारला. तिने सूप परत पुढे ओढलं. मग म्हणाली, "छाप. पन विनूले मी सांगीन. त्याले पुस्तकातून समजलं नाई पाहिजे."

मला वाटलं, सांगेल सावकाश, मी गेल्यावर. मावशीने दुपारीच सांगितलं. विनू जेवायला बसला होता, तिने त्याच्या भातावर फोडणीचं तेल घातलं आणि त्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. चांदूर बाजारचं घर, मार, आजोबा, मुराळी म्हणून गेलेली मी. शेवटी म्हणाली की तुझ्या बाबांना लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. विनूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि ताटावरून उठला.

आमच्याकडे माणूस ताटावरून उठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. कल्पना दारापर्यंत मागे गेली आणि परत आली. सोलेभात तसाच राहिला. मावशी म्हणाली, तुम्ही जेवा, पण आम्ही तिघीही नुसत्या बसून राहिलो. संध्याकाळी तो आला, जनावरांना वैरण घातली आणि झोपायला गेला. कुणाशी एक शब्द नाही. माझ्यामुळे या घरात आई आणि मुलगा बोलेनासे झाले, हे डोक्यातून जाईना. कशाला आले मी इथे मरायला!

सकाळी तोच मला स्टँडवर सोडायला निघाला. अकोल्याची गाडी लागलेली होती. माझी पिशवी वर ठेवून तो खाली उतरला आणि खिडकीपाशी आला.

"ताई, तू आईले विचारलं. मले कोनं विचारलं?"

गाडी सुटली. अकोट-अकोला रस्ता कसा आहे म्हणून तुम्ही विचाराल, तर मला सांगता येणार नाही, माझं लक्षच नव्हतं. अकोल्याला स्टँडवरून स्टेशनला ऑटो मिळतो, एवढं सांगते. गाडीला अवकाश होता. फलाटावर कचोरी घेतली आणि तशीच पुण्यापर्यंत आणली.

घरी आल्यावर प्रकाशकांना कळवलं, थांबा. ते म्हणाले, मावशी हो म्हणाल्या ना? मी म्हटलं, तिचा मुलगा नाही म्हणालेला नाही, पण हो पण म्हणालेला नाही. ते वैतागले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.  मावशीला रोज फोन करत होते. बोलला का, विचारलं की ती म्हणायची, बोलन, कुठी जाते?

आणि एका दुपारी विनूचाच फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ताई, मोर्शीले आमची आत्या होती. बाबा आमाले जीपनं नेत. दर वेळी दर्यापूर, मंग अमरावती, मंग मोर्शी. परतवाडा-चांदूर बाजारवरून जवळ पडते, हे लहान पोरालेबी समजे. मी लय भांडायचो त्याईच्याशी. ते म्हनत, तो रस्ता खराब हाये. कायचा खराब? मी काल जाऊन पाह्यला." मग म्हणाला, "गाडीत आई संग असे, म्हनून. हे लिव तू. मंग छाप."

मी ते लिहिलं. चार ओळींचंच आहे, पण सबंध पुस्तकात मला दुसरं काही इतकं जड गेलं नाही. आयुष्यभर मी लोकांना जवळचा रस्ता सांगत आले. आता नकाशा उघडला की मोर्शीकडे जाणाऱ्या त्या दोन रेघांवर नजर थांबते.

छपाईला जाण्याआधी त्या ओळी दोघांना फोनवर वाचून दाखवल्या. नंतर हा लेखही दाखवला; दोघं हो म्हणाले म्हणूनच इथे आहे. त्या ओळी ऐकून विनू नुसतं हं म्हणाला. मावशीचा आवाजच येईना. फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"हाये मी," ती म्हणाली. "मले वाटे, माहेर भेटावं म्हनून अमरावतीवरून नेतेत. मले बी नाई सांगतलं त्याईनं कधी."