थडग्यावरचा शेंदूर

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मी जठारपेठेतल्या वकिलाची लेक, वलगावकडच्या पाटलाच्या घरी सून म्हणून आले. गावाबाहेर गोऱ्या साहेबांनी बांधलेलं चर्च होतं. छप्पर कधीच कोसळलेलं, उरल्या होत्या भिंती आणि आत एक थडगं. ते गावच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती सुइणीच्या लेकीचं. दर रविवारी ती तिथे मेणबत्ती लावायची. तिला दुसरं कुणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात कळलं, चर्चचे दगड कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणासाठी विकले गेलेत आणि उद्या गाड्या येणार. म्हातारी आमच्या दाराबाहेर मटकन बसली. सासूबाईंची सगळी बाळंतपणं तिनेच केलेली.

"काहून रडून राहिली? मी हाओ ना," सासूबाई म्हणाल्या.

भर दुपारी त्या मला घेऊन चर्चमध्ये गेल्या आणि थडग्याचा उभा दगड तेल-शेंदराने माखून टाकला. असले देव करणं मला मुळीच पटत नव्हतं. कुणी पाहिलं तर काय, या धास्तीने मी सारखी दाराकडे बघत होते.

"आता वरड, देवी निघाली म्हून!"

मी ओरडले. बघता बघता गाव जमलं.

सकाळी गाड्या आल्या. ठेकेदार तोंडाला येईल ते बोलत होता. एका गाडीवानाने पहार उचलली, शेंदूर पाहिला, आणि पहार खाली ठेवून हात जोडले. गाड्या रिकाम्या परतल्या. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी रडले.

रविवारी म्हातारी मेणबत्ती घेऊन आली. मामंजींनी चर्चच्या दारातच काठी आडवी धरली.

"तुले आत जाता येनार नाही. देवीले इटाळ होईन."

"अवो, तिच्या पोरीचं थडगं हाये ते!" सासूबाई म्हणाल्या.

"होतं तवा होतं. आता देवी हाये."

सासूबाईंनी तोंड उघडलं. ‘शेंदूर मीच लावला’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर गाड्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या असत्या. त्या गप्प राहिल्या. मला मामंजींचा असा संताप आला होता, पण सुनेने बोलायचं कुठे?

म्हातारीने मेणबत्ती सासूबाईंच्या हातात दिली. "तुमीच लावा, पाटलीनबाई."

त्यानंतर दर रविवारी सासूबाई आत जायच्या आणि म्हातारी भिंतीबाहेर उन्हात बसून राहायची.

"लागली का वो?" ती बाहेरून विचारायची.

"लागली."

"वारा तं नाही ना तिथं?"