न मोजलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि मी काही पोटात गोष्ट ठेवणारी बाई नव्हे, आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाही विचारा. सकाळी कानावर आलेलं दुपारच्या सुट्टीपर्यंत चौघींना सांगून मी मोकळी होते. पण ही एक गोष्ट वीस-बावीस वर्षं आतच बसून आहे. आता तुम्ही समोर आहात, तर सांगते. मधेच अडखळले तर थांबा जरा, एवढंच.

मी लातूरला एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी दुपारी आठवी-नववीच्या पोरांचा छंदवर्ग घेते, परीक्षेशी काही देणंघेणं नसलेला. लातुरात असला वर्ग चालवायचा म्हणजे गंमतच आहे. पहिल्या दिवशी पालक विचारतात, मॅडम, याचे मार्क कशात धरतात? कशातच नाही म्हटलं की निम्मे तिथूनच गाडीला किक मारतात. उरलेल्या पोरांना मी मोजायला शिकवते — सावली, पाऊस, मुंगीची चाल, काय वाट्टेल ते. आणि फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहिते, जे दिसलं तेच लिहा. लिहिताना माझा हात कापतो असं म्हणाले, तर ते खोटं होईल. कापत नाही. छान वळणदार अक्षर येतं. तेच तर!

असाच एक वर्ग आमच्या गावात होता. गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. बिराजदार सर निलंग्याहून एसटीनं यायचे, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्हा नववीच्या पोरापोरींना घेऊन बसायचे. पगार-भत्ता काही नाही त्याचा. माणूसच वेडा होता — चांगला वेडा. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी आम्हाला विहिरी वाटून दिल्या. दर शनिवारी जायचं, पाणी कठड्यापासून किती खाली आहे ते मोजायचं, वहीत लिहायचं, उन्हाळ्यापर्यंत. सुतळीला दगड बांधलेला, फुटाफुटावर गाठ. दगड टेकला की खालून ‘डुब’ असा आवाज यायचा, आणि मला दर वेळी वाटायचं, विहीर काहीतरी बोलली.

गावाच्या खालच्या अंगाला दोन विहिरी होत्या, मधे दोनच शेतं. एक तात्यांची, म्हणजे तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, ती माझी. दुसरी पाटलांची, ती महानंदाची. महानंदा म्हणजे आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची पोर, बालवाडीपासून माझ्या बाकावरची. मोजायला गेली की गळ्यातली इष्टलिंगाची डबी पाठीवर सारायची, मग ओणवी व्हायची, आणि एकदा नाही, तीनदा सुतळी सोडायची. दर वेळी तीनदा! मी चिडवायची, दुकानदाराची पोर असून माप पुरं घालतीस व्हय गं? ती हसायची आणि चौथ्यांदा सोडायची.

सरांनी सांगितलं होतं की आमच्यातल्या एकाला उन्हाळ्यात नांदेडला पाठवायचं. महिनाभराचं विज्ञान शिबिर, कॉलेजच्या हॉस्टेलात राहायचं. प्रत्येक शाळेला एकच जागा. मला जायचं होतं. महानंदाला माझ्यापेक्षा जास्त जायचं होतं, कारण तिच्या अप्पांनी शब्द दिला होता — सरांनी निवडलं तर जा, आणि मग अकरावीला सायन्सबी घे. नाही निवडलं तर दहावीनंतर आर्ट्स, आणि मग काय ते ठरलेलंच. हे मला ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, माझा हात धरून.

आता ते झाड. माझ्या विहिरीच्या वाटेवर, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं. संक्रांत होऊन गेलेली, ऊन अजून मऊ, दोन्हीकडं ज्वारी उभी. वारा आला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यागत व्हायचं. मी तिथं टेकायची, मग आडवी व्हायची. डोळे मिटले की नांदेड. नांदेड मी पाहिलेलं नव्हतं हो! पण दिसायचं. गोदावरीच्या काठाला पांढरी इमारत, लांबच लांब व्हरांडा, काचेच्या नळ्यांतून निळं पाणी, आणि मी पांढरा कोट घालून चालते आहे, पायांचा आवाजच होत नाही. कुणीतरी हाक मारतं, मी वळून बघते, आणि माझं नाव तिथं वेगळंच ऐकू येतं, मोठ्या माणसाचं असल्यासारखं.

पहिल्यांदा खरंच डोळा लागला. उठले तर ऊन उतरलेलं. घाईघाईत वहीत मागच्या आठवड्यापेक्षा चार बोटं खाली लिहिलं आणि घरी आले. कुणी विचारलं नाही. मग — मग मी विहिरीपर्यंत गेलेच नाही. सहा शनिवार. आळस म्हणू? होताच आळस. पण खरं सांगू, मला ते आवडायचं. झाडाखाली डोळे मिटून मी विहीर बघायची आणि आकडा आपोआप यायचा. माझी मनातली विहीर खऱ्या विहिरीपेक्षा शहाणी होती, दर आठवड्याला बरोबर चार बोटं उतरायची. सरांनी तिचा आलेख वर्गात सगळ्यांना दाखवला. म्हणाले, रेघ बघा पोरीची! आणि मला लाज वाटायला हवी होती ना? मला अभिमान वाटला.

फेब्रुवारी संपता संपता नांदेडहून एक प्राध्यापक आले, निवड करायला. मऊ बोलणारे, केस पिकलेले. सरांनी फळ्यावर आमचे दोन आलेख शेजारी शेजारी लावले, कारण विहिरी शेजारच्या. माझी रेघ खाली खाली सरळ गेलेली. महानंदाची तशीच उतरत आलेली — आणि शेवटच्या दोन शनिवारी एकदम वर. चांगली दोन फूट वर.

प्राध्यापक रागावले नाहीत. हसून म्हणाले, बाळ, पाऊस नाही, कॅनॉल नाही, माघ महिन्यात पाणी वर कसं येईल? मागं पोरं फिसकन हसली. महानंदा उभी राहिली आणि म्हणाली, “म्या तीनदा मोजलंय सर. तीनदाबी तेवढंच.”

मग बिराजदार सरांनी माझ्याकडं बघितलं. तुझ्या विहिरीत चढलं का गं पाणी?

“न्हाई सर.”

बस्स. दोन शब्द. म्हणजे मला तोवर माहीत होतं की तिचं खरं आहे? नाही, तेव्हा नव्हतं माहीत. मला वाटलं, चुकली असेल. पण मी त्या विहिरीकडं दीड महिना फिरकले नव्हते हे तर मला माहीत होतं! आणि मग सर तिला म्हणाले — हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं — “घरी बसून लिहिलं असशील तर सांग. कबूल केलंस तर मी काही म्हणणार नाही.” तिला म्हणाले. मी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून. ती ‘न्हाई’ म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे हो. संशय असता तर किती बरं झालं असतं. तिला वाटलं मी उठेन, आणि सांगेन की सर, ही कशी मोजती ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी वहीचं पान उलटलं.

वर्ग सुटल्यावर मी तडक तात्यांच्या विहिरीवर गेले. का गेले? ती चुकली आहे याची खात्री करून घ्यायला. तेवढंच हवं होतं मला. ओणवी झाले, आणि आत आभाळ एवढं जवळ होतं की मी मागं सरकले. पाणी वर आलं होतं. माझ्या वहीतल्या पाण्याच्या कितीतरी वर — निवांत, हिरवट, माझा चेहरा धरून उभं असलेलं. वारा पडला होता. मला वाटलं, मी अजून झाडाखालीच झोपले आहे आणि आता उठेन.

तात्या गोठ्यापाशी होते. म्हणाले, “काय बघायलीस गं? डीपी जळून तीन हप्ते झाले, समद्या मोटारी बंद हायेत. उपसाच न्हाई तर पाणी चढंलच की.”

इतकं साधं. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर; शेतांची वेगळी, गावाची वेगळी. त्यामुळं आमच्या घरात लाईट होती. आमचं शेत गावाच्या दुसऱ्या अंगाला, तिकडं मोटारी चालू होत्या. महानंदाच्या घरी तर शेतच नव्हतं. आम्हा दोघींना कळायला मार्गच नव्हता — विहिरीत बघण्याशिवाय. तिनं बघितलं होतं.

नावाची यादी सोमवारी जाणार होती. मधे अख्खा रविवार. मी स्वतःशी शंभर वाक्यं बनवली. पण गंमत बघा, महानंदाचं खरं आहे असं सांगायचं तर माझं खोटं आहे हे सांगावंच लागत होतं. दोन्ही विहिरींवरच्या मोटारी एकाच डीपीच्या. तिची रेघ वर गेली तर माझीही जायला हवी होती. मधला रस्ता नव्हताच. सोमवारी मी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. सर उतरले. म्हणाले, काय गं, आज इकडं? मी म्हणाले, काही नाही सर, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. शाळेपर्यंत सगळी वाट ती पिशवी मी धरून चालले. सर म्हणाले, गुणाची पोर आहेस.

नांदेडचं शिबिर वाईट गेलं असं सांगितलं तर तुम्हाला जरा बरं वाटेल, नाही का? पण लई भारी गेलं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मी तिथं पहिल्यांदा पाहिल्या आणि अर्धा तास डोळा काढला नाही. व्हरांडा मनातल्यापेक्षाही लांब होता. माझं पुढचं सगळं शिक्षण, ही नोकरी, हा शनिवारचा वर्ग — सगळं त्या महिन्यातून आलं. महानंदानं छंदवर्ग सोडला. अप्पा म्हणाले, खोटं लिहायला शिकवतेत का तिथं? तिनं आर्ट्स घेतलं. बारावी झाली आणि हदगावला लग्न लागलं. हळदीला मी नाचले. गळ्यात पडून रडलेसुद्धा, आणि ते रडणं खरं होतं, पण कशाचं होतं ते तिला कळलं नाही.

तरी हे मला इतकं सलत नव्हतं, खोटं कशाला बोलू. वर्षांवर वर्षं चढली. सललं ते गेल्या जूनमध्ये.

तिचा फोन आला. तिची मुलगी नववीत गेली होती, शिकायला लातूरला मामाकडं ठेवली होती, आणि तिला माझ्या शनिवारच्या वर्गात घालायचं होतं. दोघी आल्या. महानंदा जाड झाली आहे, हसते मात्र तशीच. पोरीला पुढं ढकलून म्हणाली, “ह्या तुझ्या मॅडम अन् मी एकाच बाकावर होतो. ह्यांचं माप लई करेक्ट. मीच येडी! ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी चढलं म्हणून लिवलं होतं. तीनदा मोजलं अन् तीनदाबी चुकले, बघ. कुठं ध्यान होतं काय की.” आणि खळखळून हसली.

मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. टोमणा आहे का? मला बोलतं करायला म्हणते का? तसं काहीच नव्हतं. ती खरंच तसं समजून होती. जे तिनं डोळ्यांनी पाहिलं, तीनदा पाहिलं, ते नव्हतंच — हे तिनं कधीतरी, कुठल्यातरी दुपारी, स्वतःला पटवून टाकलं होतं. नांदेडची जागा मी घेतली, ती एक. पण हे? हे घेतल्याचं मला माहीतसुद्धा नव्हतं.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. चौदाव्या वर्षी भीती होती म्हणावं, तर आता कसली होती? समोर कुणी सर नव्हते, यादी नव्हती. तिघीच होतो आणि पंखा फिरत होता. मी म्हणाले, “लहान होतो गं आपण. होतं असं.” आणि चहा मागवला.

पोरगी हुशार आहे. सध्या आम्ही शाळेच्या अंगणातली सावली मोजतो. बाकीची पोरं मोजतात, लिहितात, मोकळी होतात. ही मोजते, पेन हातात धरते आणि लिहीत नाही. वही घेऊन माझ्याकडं येते, आकडा तोंडानं सांगते आणि विचारते, मॅडम, एवढंच असंल का? मी म्हणाले, तू मोजलंस ना, मग लिही की. तर म्हणाली, “मम्मीनं सांगितलंय, आपल्या डोळ्यावर जायचं न्हाई. मॅडम हाव, बरोबर हाय म्हणल्या तरच लिहायचं.”

मी ‘हाव’ म्हणते. ती लिहिते. दर शनिवारी.