दारावरच्या मावशीचा जबाब

महापौरांच्या दालनाबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपाईबाईला सगळी पालिका मावशी म्हणायची. साठीला टेकलेले इंजिनियरसुद्धा मावशीच म्हणायचे. खेड्यातून आली तेव्हा बाई बावीस वर्षांची होती. आधी झाडू मारला, मग फायली वाहिल्या, मग गुडघे बोलायला लागले म्हणून तिला तिसऱ्या मजल्यावर दारावर बसवलं. त्याला आता सात वर्षं झाली होती, आणि महापौर तेव्हापासून तेच होते, पुन्हा पुन्हा निवडून आलेले. आत कोण गेलं, कोण आलं, कोण रडत आलं, कोण पेढे घेऊन आलं, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. पण दारावरच्या माणसाचा धर्म तिने पाळला होता. विचारलं तेवढंच सांगायचं.

आणि त्याच धर्माने तिला खड्ड्यात घातलं.

नकाशा विभागातल्या एका पोरीने महापौरांवर तक्रार केली होती. नकाशावर सही घ्यायला ती दालनात गेली असता त्यांनी दार लोटून घेतलं आणि अंगाला हात लावला, असं तिने लिहून दिलं होतं. शहराला चघळायला विषय मिळाला. बसमध्ये तेच, भाजी निवडताना तेच, न्हाव्याच्या खुर्चीत तेच. माणूस तसा नाही म्हणणारे निम्मे आणि माणूस तसाच आहे म्हणणारे निम्मे. मावशीचा नवरा बस चालवून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याला सगळ्या शहराची माहिती. तो म्हणाला, “पण साहेबांनी रस्ते केले हे तर मानशील?”

“रस्त्यांनी कुठे तक्रार केलीय?” मावशी म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

पालिकेने चौकशी समिती नेमली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, केस पांढरे, आवाज खालचा. त्यांनी मावशीला बोलावून एकच सरळ प्रश्न केला. सात वर्षांत दालनात काही गैर घडताना पाहिलंत का? मावशी म्हणाली, नाही. समितीच्या कारकुनाने लिहून घेतलं, मावशीने सही केली आणि स्टुलावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या सभेत महापौरांच्या बाजूच्या एका नगरसेवकाने तोच जबाब हवेत फडकवला. सात वर्षं दारावर बसलेल्या बाईनेच काही पाहिलं नाही, तर ही कालची पोरगी काय सांगते, असं तो म्हणाला. बाकं वाजली. पेपरात तेच मोठ्या अक्षरांत आलं. अन् महापौर संध्याकाळी जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, “मावशी, बऱ्या आहात ना?”

सात वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. मावशीला जेवण गेलं नाही.

कारण तिने काही पाहिलं नव्हतं हे खरं होतं, आणि का पाहिलं नव्हतं हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दारावर आल्याच्या पहिल्याच वर्षी एक टंकलेखिका दालनातून बाहेर आली ती भिंतीला धरून. काय झालं ते बोलली नाही, मावशीनेही खोदलं नाही. पण पुढच्या वेळी तीच बाई फाईल घेऊन आत निघाली, तेव्हा दारात घुटमळून म्हणाली, मावशी, आज ऊन फार आहे नाही? बाहेर आभाळ भरून आलं होतं. मावशी उठली, ट्रेमध्ये पाण्याचे दोन गच्च भरलेले ग्लास ठेवले आणि पाच मिनिटांनी कमरेने दार ढकलून आत गेली. दोन्ही हात ट्रेला अडकलेले, मग दार ठोठावणार कशाने? तिथून ती रीतच पडली. एकट्या बाईला आत बोलावणं आलं की ती ऊन फार आहे म्हणायची आणि मावशी पाणी न्यायची. थंडीत स्वेटर घातलेल्या बायका ऊन फार आहे म्हणायच्या. कुणी कुणाला शिकवलं नाही, पण नवी आलेली मुलगी आठवड्याभरात शिकलेली असायची. महापौर एकदा वैतागून म्हणाले होते, मी काय उंट आहे का? मावशी म्हणाली होती, “तुमच्यासाठी नाही साहेब, बाईंसाठी आणलंय.” आणि ग्लास रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राहिली होती.

नकाशावाली पोरगी आत गेली त्या दिवशी मावशी दोन दाढा काढायला दवाखान्यात गेली होती. बदली म्हणून तळमजल्यावरचा शिपाई बसला होता. पोरीने त्यालाही म्हटलं, आज ऊन फार आहे नाही? तो म्हणाला, पंखा लावू का? दुसऱ्या दिवशी त्यानेच हा किस्सा हसत हसत मावशीला ऐकवला. मावशीच्या गालात कापूस होता, तिला बोलता येत नव्हतं. पोरगी मात्र आठवडाभर कामावर आली नाही.

आता पेपरात ते आल्यावर मावशी तिच्याकडे गेली. पोरगी टेबलावर वाकून रेघा ओढत होती. मावशीने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “तुम्ही खोटं नाही बोललात, मावशी.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं. समितीचं काम शुक्रवारी चारला बंद होणार होतं, आणि पोरीकडे तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

घरी नवऱ्याने समजावलं. निवृत्तीला वर्ष राहिलंय, झालेली सही झाली, आता कशाला विंचवाच्या बिळात बोट घालतेस. तिने ऐकून घेतलं. बुधवारी सकाळी ती समितीच्या खोलीसमोर जाऊन बसली. कारकून म्हणाला, एकदा दिलेला जबाब बदलता येत नाही. मावशी म्हणाली, बदलायचा नाही, अर्धा राहिलाय तो पुरा करायचाय. दोन तासांनी अध्यक्षबाईंनी आत घेतलं.

मावशीने ऊन, पाणी, ट्रे सगळं सांगितलं. दाढांचंही सांगितलं. अध्यक्षबाईंनी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, “हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नव्हतं. पाहिलं का एवढंच विचारलंत.”

“आणि दर वेळी पाणी का नेत होतात?”

“आत काही होऊ नये म्हणून.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

मावशीने हातातला पदराचा पीळ सोडला, पुन्हा घातला. या प्रश्नासाठीच ती इतके दिवस इथे यायला भीत होती, नोकरीसाठी नाही.

“होतं,” ती म्हणाली. “सात वर्षं माहीत होतं. वाटलं, आपण सांभाळून नेतोय. मी सुट्टीवर गेले की काय होईल याचा विचार केला नाही. केला असेल तरी गिळला.”

अध्यक्षबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. मग ऊन फार आहे म्हणणाऱ्या बायकांची नावं मागितली. मावशीने नकारार्थी मान हलवली. ती ज्यांची त्यांनी सांगायची, म्हणाली. मी माझं सांगितलं. कारकुनाने जबाब वाचून दाखवला, तिने तो दुसऱ्यांदा वाचायला लावला, आणि ‘माहीत होतं’ हे शब्द आहेत याची खात्री करूनच सही केली.

दुपारच्या सुट्टीत ती चारही मजले फिरली. गुडघे कुरकुरत होते. जिथे जिथे बायका डबे उघडून बसल्या होत्या तिथे जाऊन तिने एकच गोष्ट सांगितली. मी माझं लिहून दिलंय, नाव कुणाचं घेतलं नाही, समिती शुक्रवारी चारपर्यंत बसलीय. कुणी खाली पाहिलं, कुणी लोणच्याची बाटली पुढे सरकवली. एक मोठी कारकूनबाई म्हणाली, मावशी, तुम्ही आमची झाकली मूठ उघडलीत. मावशी म्हणाली, उघडली खरी. आणि पुढच्या मजल्यावर गेली.

गुरुवारी कुणी आलं नाही. पोरगी रेघा ओढत राहिली. मावशीची बदली तळमजल्यावर जन्म-मृत्यू नोंदणीत झाल्याचा कागद मात्र आला, सोमवारपासून.

शुक्रवारी सव्वातीनला ती पहिली टंकलेखिका आली. आता ती दुसऱ्या विभागात होती, केस पिकलेले. तिच्या मागून करवसुलीतली एक, आणि मग तीच मोठी कारकूनबाई, चेहरा पाडून. बाकावर तिघींना जागा होईना म्हणून कारकुनाने चडफडत आतून खुर्ची आणली. चार वाजले तेव्हा पहिलीचाच जबाब चालू होता.

पावणेपाचला कारकून बाहेर आला. समितीची मुदत पंधरा दिवसांनी वाढल्याची सूचना दारावर लावायची होती, आणि शिपाई म्हणून जवळ मावशीच होती. तिने कागदाच्या चारही कोपऱ्यांना डिंक लावला, डोळ्यांच्या उंचीवर धरला, जरा खाली घेतला, आणि तळहाताने घासून नीट बसवला.