जाणारं नेट कोणी खाल्लं

आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू नेट चोरतो, असं मी उमेळ्यात बऱ्याच जणांना सांगितलं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातही सांगितलं. ते खोटं होतं. त्याचं नाव मी खराब केलं, म्हणून हे लिहितोय.

सून घरी बसून आखातातल्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मध्येच तिचं चित्र त्यांच्याकडे अडकायला लागलं. आमच्याकडे ती मुलं स्वच्छ दिसायची, सिनेमे पळायचे. घरातून बाहेर जाणारं नेट तेवढं रांगायचं. "पप्पा, मुलं म्हणतात, मिसचा पुतळा झाला," ती हसून म्हणाली. पण असंच चाललं तर वर्ग काढून घेऊ, अशी ताकीद तिला शिकवणीच्या कंपनीकडून मिळाली होती.

राउटर बंद-चालू केला, वायर बदलली. नेटवाला येऊन गेला. "काका, लाइन चोख आहे. घरातूनच कोणीतरी सारखं काहीतरी पाठवतंय."

मला लगेच भाडेकरू आठवला. साताऱ्याकडचा, एकटा, भाड्यातच त्याला आमचं वाय-फाय दिलेलं. तो जिना चढला की मी राउटरचे दिवे बघायचो. लुकलुकले की माझी खात्री पटायची. चाफ्याच्या कळ्या चोरीला जातात म्हणून फाटकावर नुकताच कॅमेरा लावला होता, त्यात आता मी त्याच्या पिशव्या न्याहाळू लागलो.

शेवटी त्याला जिन्यातच अडवलं.

"काका, दिवसभर मी ऑफिसात. मॅचसुद्धा तुमच्या टीव्हीच्या आवाजावर ऐकतो!"

मी पासवर्ड बदलला. नेट तसंच रांगलं. म्हणजे यानं नवाही मिळवला, असं मी धरून चाललो आणि चारचौघांत बोललो. महिनाअखेरीस तो सामान घेऊन चंदनसारला गेला.

तरीही फरक नाही. मग सुनेनं राउटरवरून एकेक वस्तू तोडून पाहिली. कॅमेरा तोडला आणि वर्ग सुरळीत झाला. तो दिवसरात्र सगळं रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायला पाठवत होता.

"चोर सापडला, पप्पा. नवा पासवर्ड सगळ्यात आधी तुम्हीच त्याच्यात घातलात!"

तिचे वर्ग टिकले. पुढच्या रविवारी मी आवारात खरं काय ते सांगितलं. जुना शेजारी म्हणाला, "चोर नव्हता, तर घर सोडून गेला कशाला?"

"मी जिन्यात अडवलं म्हणून."

तो नुसता हसला. त्याला पटलं नव्हतं.